सूत्रकार: हरिहर

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात १९९४ साली कॉम्प्युटर एकच होता, आणि त्याच्यासमोर बसणारी मालनही एकटीच. वर्तकनगरहून रोज येणाऱ्या या पोरीने सांख्यिकीत एमएस्सी केलेली. प्रॉडक्शन मॅनेजर हरिहरसाहेबांना मात्र तिच्या शिक्षणाचं कौतुक टायपिंगपुरतंच.

माल कशामुळे कमी-जास्त निघतो हे आकड्यांतून शोधणाऱ्या मॉडेलचं सूत्र आपणच लिहायचं, ही साहेबांची हौस. कॉम्प्युटरला ती नुसती अक्षरांची ओळ. तिचं सूत्र करून त्यावर गणित चालवणारा प्रोग्राम मालनने लिहून दिला होता. उत्पादनाच्या रजिस्टरातल्या रकान्यांची नावं टाइप करायची, मध्ये अधिकचं चिन्ह, बस्स. साहेब एका बोटाने टाइप करायचे आणि आव मात्र ताम्रपट कोरल्याचा आणायचे. शिवाय प्रत्येक कागदावर वर सूत्र आणि तळाशी ‘सूत्रकार: हरिहर’ आपोआप छापलं जावं, असा हुकूम. मालनने नाक मुरडत तीही सोय करून दिली.

त्या वर्षी माल कमी उतरायला लागला. साहेबांनी टाइप केलं: उतारा, आणि तो कशामुळे, तर ऑपरेटर अधिक तापमान. कागदावर नाथा दोषी निघाला. नाथा शेजारच्या गावचा, बारा वर्षं दुपारच्या पाळीला रिअॅक्टरवर, म्हणजे रसायनं शिजवायच्या टाकीवर, ऑपरेटर. सोमवारी कारखान्याचे मालक शेठ आले की नाथाला घरी बसवायचं, असं साहेबांनी जाहीरच करून टाकलं. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही म्हणे.

“माझा काय चुकला गो बाय?” नाथाने दारात उभं राहून मालनला विचारलं.

तिला स्वतःचाच राग आला. या गृहस्थाच्या हातात कोलीत तिनेच दिलं होतं.

मग तिने रकाने निवडायचं काम माणसाकडून काढूनच घेतलं. रजिस्टरातल्या सगळ्या रकान्यांची नावं प्रोग्रामनेच उचलायची, अधिकची चिन्हं घालून ओळ जुळवायची आणि तिचं सूत्र करायचं. त्यात साहेबांनी कधीच न टाइप केलेला एक रकानाही आला: कच्चा माल कुणाचा. आणि नाथाचा दोष गळून पडला. कच्चा माल पुरवणाऱ्यांत साहेबांचा साडूही होता; त्याची पिंपं दुपारी यायची, म्हणून बहुतेक नाथाच्याच पाळीला उघडली जायची. पण नाथा भातलावणीसाठी रजेवर असतानाही साडूचं पिंप उघडलं की माल कमीच उतरला होता.

सोमवारी तिने तो कागद थेट शेठपुढे ठेवला. शेठनी तो दोनदा वाचला, मग तळाचं नाव पाहिलं.

“स्वतःच्या साडूचा माल तुम्ही पकडलात, हरिहर? हे सूत्र तुमचंच ना?”

नाही म्हणावं, तर आजवरचे सगळे कागद कुणाचे, हा प्रश्न आलाच. साहेबांनी मालनकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती.

“माझंच,” साहेब म्हणाले.

साडूचा माल त्याच दिवशी बंद झाला. नाथा दुपारी नेहमीच्या वेळेला पाळीवर आला. आणि मालनने त्या कागदाची आणखी एक प्रत काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली, घरी साडूला दाखवायला.