दहाच्या डोक्यावरचा पाच

मी कॉम्प्युटरच्या पोटात राहणारा एक छोटा प्रोग्राम बोलतोय. मजकूर टाइप करून देणं हे माझं काम. मला कुण्या कंपनीनं बनवलं नाही. देशोदेशीच्या चार हौशी माणसांनी नोकऱ्या सांभाळून फुकटात घडवलं. म्हणून अंगानं मी सडसडीत. माझा भाऊबंद, 'ऑफिस' नावाचा तो भारी प्रोग्राम, उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. मी मात्र एका क्लिकला हजर. याचा मला फार तोरा होता.

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळात मन्मथ सरांचा अकरावी-बारावीचा क्लास होता. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लोक पक्क्या घरात झोपायला भ्यायचे, तेव्हा सरांच्या वडिलांनी अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं होतं. भीती ओसरली, शेड राहिलं, त्यातच पुढं फळा लागला. बंद पडलेल्या नेट कॅफेतून सरांनी एक म्हातारा कॉम्प्युटर आणला. त्यांचा जुना विद्यार्थी आलोक लातूरहून आला आणि त्यानं त्यावर हलकी, फुकटची सिस्टीम चढवली.

मग प्रश्न आला, फाइलवर क्लिक केलं की आपोआप कुणी उघडायचं? मी, की तो भारी?

"सर, भारीच ठेवू," आलोक म्हणाला. "हळू चालंल, पण झेरॉक्सवाल्याकडं फाइल जशीच्या तशी उघडंल. ह्या हलक्याचा भरवसा न्हाई."

सरांनी दोघांनाही उघडून बघितलं. भारी उघडताना यंत्र घरघरलं, स्क्रीन अडकून बसली.

"एवढा वेळ कुणाला हाय? तिकडं पोरं बसून राहिलेत. हाच ठेव," सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी हरखून गेलो.

त्या काळात सगळा तालुका क्लासेससाठी लातूरकडं धावत होता. दहावी झाली की पोरगं गादी-बादली घेऊन लातूरच्या खोलीवर. मागं उरलेल्यांत किशनरावांची मुलगी वैष्णवी होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. किशनरावांनी सरांना सरळ सांगितलं होतं, "पोरीला लातूरला एकटी ठेवायची माझी हिंमत न्हाई. तुमचा क्लास हाय तवर शिकंल." क्लास टिकला तरच पोरगी शिकणार होती.

बाकीचे पालक थांबावेत म्हणून सरांनी मोठी परीक्षा ठेवली, अगदी लातूरच्या थाटाची. पेपर फुटला असं कुणी म्हणू नये म्हणून नियम केला: झेरॉक्सवाल्यानं छापून तिथंच पाकीट चिकटवायचं, ते पालकांनी फोडायचं, पहाराही पालकांनीच करायचा. छापलेला पेपर सरांनीसुद्धा बघायचा नाही. अब्रूला फार जपणारा माणूस.

सरांनी माझ्यात टाइप केलेल्या पेपरात दहाच्या डोक्यावर छोटा पाच नीट बसवलेला होता. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरनं तो खाली उतरवून शेजारी बसवला. एक लाखाचे एकशे पाच झाले. असे कितीतरी आकडे घसरले. पोरांनी छापलं तसं सोडवलं; सर तेव्हा बाहेर लिंबाखाली निवांत बसले होते. तपासताना उत्तरं जुळेनात, तेव्हा त्यांनी छापलेला पेपर पहिल्यांदा बघितला.

एका पालकानं तो पेपर लातूरच्या एका क्लासात नेऊन दाखवला. तिथं म्हणे सगळे हसले. दिवाळीच्या आत शेड रिकामं झालं.

वैष्णवी तेवढी येत राहिली. सरांनी एकदा मला उघडून तिला फाइल दाखवली.

"सर, इथं तर समदं बरोबर हाय की."

"इथं बरोबर असून काय करू, बाळ? पोरं तर कागद वाचतेत."

किशनराव दारातच उभे होते. "एकट्या पोरीसाठी क्लास कसा चालवताल, सर? चल बाई." ती दप्तर उचलून गेली. मला रडू येत असतं तर मी त्या दिवशी रडलो असतो.

सर लातूरच्या एका क्लासात शिकवायला लागले. शेडमध्ये कडबा भरला, माझ्या यंत्रावर पोतं आलं. वैष्णवी अठराची झाली तेव्हा सर सुट्टीला घरी आले होते. किशनरावांच्या सांगण्यावरून त्यांनी पोतं काढलं आणि मला उघडलं, तिच्या लग्नाचा बायोडाटा करायला. नाव, जन्मवेळ, उंची भराभर टाइप झालं. 'शिक्षण' या शब्दापुढं त्यांनी 'अकरावी' एवढंच टाइप केलं.

त्यानंतर मला कुणी उघडलेलं नाही. बाबांनो, कुणासाठी प्रोग्राम निवडायची वेळ आली, तर तो किती झटकन उघडतो एवढंच बघू नका. त्यात लिहिलेलं कुणाच्या दारी जाऊन वाचलं जाणार आहे, ते आधी विचारा. वैष्णवीसाठी आता ते विचारून काही होणार नाही.