बरगडीखालची रेघ

श्वास बाहेर.

काळेवाडीच्या खोलीत पूनम उताणी पडली आहे, फ्रॉक वर. तिचा बाप ज्ञानेश डाव्या बरगडीखाली बोटं रोवतो. प्लीहा हाताला लागत नाही. तिथेच खूण म्हणून काजळ पेन्सिलीने रेघ. शाब्बास.

श्वास आत.

प्लीहा खाली सरकून बोटाला टेकते. मागच्या तपासणीला होती त्याहूनही खाली.

नको. सोड. पुन्हा बाहेर.

हा खेळ नव्हता. आईबाप धडधाकट, पण दोघांच्याही रक्तातून लेकीत उतरलेला आजार. न पचणारी चरबी अंगात साचते, प्लीहा फुगते, हाडं ठणकतात. दर पंधरवड्याला सलाईनमधून औषध द्यायचं. ते एक ट्रस्ट फुकट देतो. अट एवढीच, की गुण दिसला पाहिजे. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंचा हात पोटावर जरा जास्तच रेंगाळला. पुढच्या वेळी बघू, म्हणाल्या. त्या 'बघू'ने ज्ञानेशची झोप उडवली.

महाळुंग्याच्या कंपनीत तो क्वालिटीला. ऑडिट आलं की कुठला पार्ट पुढे करायचा, कुठला मागे सारायचा, हे तिथे कुणी शिकवत नाही, आपोआप येतं. तीच खोड घरी आली: डॉक्टरीणबाईंच्या हाताला प्लीहा लागू नये, म्हणून हा श्वासाचा सराव. सोनोग्राफीत खरं काय ते दिसणारच, हे त्याला कळत नव्हतं थोडंच? पण आधी हात, मग मशीन. मधल्या वेळात काहीतरी होईल. काय, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पूनमची आई साधना म्हणाली, पोरगी म्हणजे पार्ट आहे का तुमचा. आणि मग तिनेच पर्समधून पेन्सिल काढून दिली.

तपासणी.

"मोठा श्वास घे बरं, पूनम."

पूनमने घेतला नाही. खांदे उचलले, तोंड उघडलं, पोट मात्र दगड.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं. हात तसाच ठेवून वाट पाहिली. कातडीवर पुसट काळे डाग होते. ते पाहिले, काही विचारलं नाही. पूनमचे ओठ पांढरे पडत चालले. तिचे डोळे बापावर, कधी शाब्बास म्हणतो म्हणून.

ज्ञानेश पुढे वाकला.

"घे गं बाई," तो म्हणाला. "घे श्वास."

श्वास आत.

प्लीहा आली. डॉक्टरीणबाईंच्या बोटांना भेटली, त्यांनी पेनाने रेघ मारली. पार खाली.

"वाढलीये. हा डोस तिला पुरत नाहीये. आज लपली असती, तर सोनोग्राफी होईपर्यंत मी आहे तोच चालू ठेवला असता. वाढवून द्या, असं लिहिते ट्रस्टला."

"आणि ते म्हणाले, गुण नाही, बंद करा?" ज्ञानेशने विचारलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"बाबा," दाबलेल्या आवाजात पूनम म्हणाली, "सोडू?"

बापाने घ्यायला सांगितलेला श्वास तिने अजून आतच धरला होता.