पावाचं टोक

आईचं काम करणाऱ्या नटीने पाव छातीशी धरला, सुरीने त्यावर क्रूस रेखला आणि कडेचं कुरकुरीत टोक कापून थोरलीच्या ताटात ठेवलं. धाकटीला मधला मऊ तुकडा मिळाला.

"कट!" गिस्लेन म्हणाली. "परत एकदा. धाकटीला अजून हेवा वाटत नाहीये."

हा सहावा टेक. त्या टोकासाठी घराघरांत पोरं भांडतात आणि गिस्लेनच्या घरी ते कायम थोरल्या बहिणीला मिळायचं. याच दुःखावर चाळीस वर्षांपूर्वी तिने पहिली कादंबरी लिहिली आणि रातोरात तिचं नाव झालं. आता सत्तरी उलटल्यावर ती त्याच कादंबरीचा सिनेमा करत होती, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या आपल्याच गावात, आईचं स्वयंपाकघर हुबेहूब उभं करून. सकाळी तिथली आईच्यासारखीच निळी किटली पाहून तिला रडूच फुटलं होतं.

तिची थोरली बहीण आर्मेल दाराशी खुर्ची टाकून बसली होती. त्या पुस्तकाबद्दल तिने आजवर चकार शब्द काढला नव्हता. आता मात्र ती उठली आणि टेबलावरचा पाव दाबून बघू लागली.

"अगं बाई, हा तर ताजा आहे!"

"मग काय शिळा आणायचा?"

"आपल्याकडे ताजा कधी आला होता? आई परवाचा आणायची, स्वस्त मिळायचा म्हणून. टोक म्हणजे नुसता दगड! सूपमध्ये बुडवून गिळायचे मी. मऊ असेल तेवढं तुला."

गिस्लेन हसायला गेली, पण तिला हसू येईना.

"आणि हे तू आज सांगतेस?"

"आईनं शपथ घातली होती."

"आईनं पुस्तक वाचलं होतं?"

"दोनदा. मी संतापून तुला पत्र लिहायला बसले, तर तिनं कागदच ओढून घेतला. म्हणाली, राहू दे गं. कळलं तर पोरगी लिहायची थांबेल."

सहायकाने हळूच विचारलं, "मादाम, सातवा टेक?"

गिस्लेन उठून नटीपाशी गेली.

"थोरलीला वाढताना तिच्याकडे बघू नकोस."

"मग कुठे बघू?"

"कुठेही. तिच्याकडे बघायची तुला हिंमत होत नाही."