रुद्रम्माचा खडा

“सर, त्यो ठिपका हाललाय बगा,” टेबलावर चहा ठेवता ठेवता रुद्रम्मा म्हणाली.

अकराला दहा मिनिटं कमी होती. अकराला लघुग्रह शोधमोहिमेचा अहवाल पाठवायची मुदत संपणार होती आणि भारनियमनामुळे आमच्या ढोकी गावातली लाइटही तेव्हाच जाणार होती. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीने काढलेले, आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो शाळेच्या संगणकावर एकामागून एक फिरत होते. त्यात तारे जागचे हलत नाहीत, लघुग्रह तेवढा सरकतो. सकाळपासून डोळे फोडूनही मला एक सापडला नव्हता, आणि आता शाळेची खिचडी शिजवणारी बाई मला शिकवणार!

“धूळ आहे ती, मावशी.” मी रुमालाने पडदा खसाखसा पुसला. ठिपका गेला नाही.

“तीस वर्सं तांदूळ निवडतेय म्या. खडा कळतो मला.” तिने पडद्यावर बोट ठेवलं. “हितं हुता. मग हितं. आन आता हितं.”

सरळ रेषा! लघुग्रह असाच सरळ सरकतो. घाईघाईने आकडे भरले. शेवटचा रकाना शोधणाऱ्यांच्या नावांचा.

“माजं बी लिवा की सर,” ती हसत म्हणाली.

“लिहिलं,” मी म्हणालो. लिहिलं होतं फक्त माझं. सरांना दिसलं नाही ते खिचडीवाल्या बाईला दिसलं, हे चारचौघांत कसं सांगणार? अहवाल गेला आणि मागोमाग लाइट गेली.

दोन वर्षांनी कळवलं गेलं, लघुग्रह नवाच आहे. आज शाळेत माझा सत्कार. मंडपात जाण्याआधी मी स्वयंपाकघरात गेलो. ते खोटं मनात ठेवून शाल घेणं मला जमेना. रुद्रम्मा ताट घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

“मावशी, त्या अहवालात तुमचं नाव नाही. मी खोटं बोललो.”

तिचे हात थांबले. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“केवढा हाय त्यो?” तिने विचारलं.

“दीडेक किलोमीटर असेल. मंगळाच्या पलीकडं फिरतो. सूर्याला एक फेरी मारायला चार वर्षं लागतात त्याला.”

“काळा का पांढरा?”

“ते अजून कुणालाच माहीत नाही.”

“नातीला सांगितलंय म्या,” ती हळू आवाजात म्हणाली, “वर आपलं नाव हाय म्हणून. आता तिला काय सांगू?”

लाजेने माझी मान वर होईना. बाहेर माईकवर पुकारा झाला, “शिवकुमार सर!”

रुद्रम्माने तांदळातला एक खडा वेचून बाजूला ठेवला.

“जावा सर,” ती म्हणाली, “तुमचं नाव पुकारत्यात.”