नदीपलीकडच्या आभाळाची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, हसू नका. खुर्ची मिळावी म्हणून मोठमोठी माणसं जिवाचं रान करतात, हे तुम्ही रोज ऐकता. माझं उलटं झालं. मी होते, पण मला माणूस मिळेना.

खानदेशातल्या एका लहानशा विमानतळाच्या मनोऱ्यात मी काम केलं. तिथे काचेआड बसून कंट्रोलर विमानांवर लक्ष ठेवतात. कोणी कधी उतरायचं, कोणी कुठे थांबायचं, ते रेडिओवर सांगतात. पूर्वी तिथे एकच खुर्ची होती, कारण विमानंही बोटांवर मोजण्याइतकी होती. मग प्रवासी विमानं वाढली. वैमानिक घडवणारी शाळा आली आणि तिची पिटुकली विमानं दिवसभर सातपुड्याच्या पायथ्याशी घिरट्या घालू लागली. एकट्या माणसाला घोटभर पाणी प्यायला सवड मिळेना. तेव्हा साहेब लोकांनी नकाशा पसरला आणि भाऊ-भाऊ शेतात बांध घालतात तसा आभाळात बांध घातला. तापीच्या अलीकडचं आभाळ प्रवासी विमानांचं, पलीकडचं शिकाऊ विमानांचं. दोन आभाळं, दोन रेडिओ, दोन खुर्च्या. पलीकडच्या आभाळासाठी मला आणलं.

तेव्हा माझी गादी कोरी निळी होती आणि मला तोराही कमी नव्हता. पण आभाळाची वाटणी झाली तरी माणसं तेवढीच राहिली. त्यात एकाची बदली झाली आणि त्याच्या जागी कोणी आलंच नाही. उलट, आता दोन खुर्च्या आहेत म्हणून शिकाऊ विमानं आणखी वाढवली. माझ्यावर बसायचे गिरधरनाना. ते अमळनेरचे, निवृत्तीला टेकलेले. आपली पाळी संपली की दुसऱ्याची पाळीही तेच ओढत. त्यांच्या पाठीचा घाम माझ्या गादीत मुरला होता.

नानांची एक सवय होती. दोन मिनिटं उठायचं झालं की ते आपला चौकटीचा रुमाल माझ्यावर टाकत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा. शेजारच्या खुर्चीवरच्या सुलक्षणाताई हसत. "नाना, तुमची जागा इथे पळवणार कोण?"

"ऱ्हाऊ दे ताई, जागा धरेल बरी," नाना म्हणत. "आते येस."

आणि ते येतही. त्यामुळे रुमाल दिसला की ताई निश्चिंत असत.

वैशाखातली एक दुपार होती. नाना आदल्या दिवशीपासून जवळजवळ माझ्यावरच होते. त्यांचं अंग थरथरतंय, हे मला जाणवत होतं. ते उठले, तेव्हा ताई एक प्रवासी विमान उतरवत होत्या आणि त्याच्या मागून रुग्ण घेऊन येणारं दुसरं विमान घाई करत होतं. ताईंच्या बोलण्यात अडथळा नको म्हणून नानांनी नुसता रुमाल टाकला, त्यावर हेडफोन ठेवला आणि ते खाली गेले. जिन्याच्या तळाशी त्यांना भोवळ आली. खालच्या लोकांनी त्यांना उचलून जीपमधून दवाखान्यात नेलं. त्या धावपळीत वर सांगायचं राहून गेलं.

तेवढ्यात पश्चिमेकडून धुळीचं वादळ उठलं आणि माझ्या मांडीवरच्या हेडफोनमधून आवाज आला. शीतलचा आवाज होता तो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची ही मुलगी नुकतीच एकटीने विमान उडवायला लागली होती. विमानांशी बोलणं इंग्रजीत चालतं, तिचं म्हणणं मी मराठीत सांगते. "समोर धूळ आहे. नदी ओलांडून परत यायची परवानगी हवी."

नदीअलीकडे मोठी विमानं उतरत असतात, म्हणून विचारल्याशिवाय नदी ओलांडायची नाही असा नियम होता. शीतल नियम पाळणारी मुलगी. ती उत्तराची वाट बघत पलीकडेच फिरत राहिली.

ताईंनी एकदा मान वळवून पाहिलं. त्यांना रुमाल दिसला. नाना आत्ता येतीलच असं समजून त्या पुन्हा आपल्या विमानांकडे वळल्या. त्यांना तरी काय बोल लावायचा? आणि मला चाकं होती, तोंड नव्हतं. शीतलने पुन्हा विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी ती इंग्रजी विसरली. "नाना, कोणी आहे का?" एवढंच म्हणाली.

खालून निरोप आला तेव्हा ताई माझ्याकडे झेपावल्या. हेडफोन लावून हाका मारत राहिल्या. पलीकडून नुसती खरखर येत होती. विमान डोंगराच्या उतारावर सापडलं. शीतल वाचली नाही.

चौकशी झाली. रेडिओवरचं बोलणं आपोआप टेप होतं, त्यात शीतलच्या हाका सगळ्यांनी ऐकल्या. आभाळातली रेघ बदलली, शिकाऊ विमानांना परत यायला मोकळी वाट ठेवली. नवी माणसंही आली. नाना बरे झाले, पण तो जिना पुन्हा चढले नाहीत. माझ्यावर मात्र कोणी बसेना. उघड कोणी काही बोलत नसे, पण सगळे मला वळसा घालून जात. रेडिओ बंद असला तरी मला शीतलचा तो आवाज ऐकू यायचा. अजूनही येतो, आणि मला त्याची भीती वाटते.

एक दिवस शीतलचे वडील, वेस्ताभाऊ, मनोऱ्यात आले. चपला जिन्याखालीच काढून आले होते. त्यांनी काचेतून सातपुड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई, मनी पोरनी कोनले हाक मारी व्हती?"

ताईंना खोटं बोलवेना. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या खुर्चीला, भाऊ. तेव्हा हिच्यावर कोणी नव्हतं."

वेस्ताभाऊंनी माझ्या गादीवरून हात फिरवला. अंग चोरून ते माझ्यावर बसले. बंद पडलेला हेडफोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला आणि हळूच म्हणाले, "बोल माय. मी बठेल शे."

ते किती तरी वेळ तसेच बसून होते. ताईंनी त्यांना उठवलं नाही.

आता मी जिन्याखालच्या अडगळीत आहे. माझी चाकं गंजली आहेत. उद्या भंगारवाला नेईल, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणी कामावर बसाल, कोणी कामावर माणसं नेमाल. उठायचं झालं तर दुसऱ्याला बसवून, त्याला तोंडाने सांगून मगच उठा. थकलेल्याला वेळेवर घरी पाठवा. आणि बसायला माणूस नसेल तर खुर्ची मांडूच नका. खुर्ची मांडलेली आहे म्हटलं की लांबची माणसं भरवशाने हाक मारतात.