एकुलता एक मुलगा

दाग्नीने भावाचं पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि बदल्यात दुसरं काहीही चालेल, असं सांगितलं.

दुकानदारीण अल्डाने ते उलटंसुलटं करून पाहिलं. वरचं पातळ प्लास्टिक शाबूत होतं, मागे बदलीचा स्टिकरही होता. नाताळच्या संध्याकाळी गावात जो तो ज्याला त्याला पुस्तकंच देतो, त्यामुळे नंतरच्या आठवड्यात सगळेच या दुकानात येतात आणि दोनदा आलेलं पुस्तक बदलून नेतात. प्लास्टिक फोडलेलं नसलं की कुणी काही विचारत नाही. पण हे स्टेनारचं पुस्तक होतं. जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त करून झाल्यावर, एकाहत्तराव्या वर्षी लिहिलेली त्याची पहिली कादंबरी; आणि परत करायला आली होती त्याची सख्खी थोरली बहीण.

“दोन आल्या,” दाग्नी म्हणाली.

ते खरं होतं. एक प्रत तिच्या मुलाने रेक्याविकहून पाठवली होती, एक स्टेनारने स्वतः आणून दिली होती. तिने वाचली ती मुलाची आणि परत करायला उचलली ती स्टेनारची. त्याने आत साधं नावसुद्धा घातलेलं नाही, मग कुठलीही परत केली तरी काय फरक पडतो, असं तिने स्वतःला समजावलं होतं. फरक पडतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. फळीवरून हाताला लागलं ते मेंढ्यांच्या जातींवरचं सचित्र पुस्तक तिने पिशवीत टाकलं आणि ती घरी गेली.

गावात दाग्नीच्या मताला वजन होतं. ती टपाल कचेरीत होती तेव्हापासून लोक तिला विचारूनच पुस्तक हाती घेत. नवीन वर्ष लागलं की पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून ती एकेका पुस्तकाचा निकाल लावायची आणि बाकीचे डोक्यावर बर्फ झेलत ऐकायचे. हौदात राजकारण, मासेमारी आणि दुसऱ्यांची लग्नं हे विषय असतातच, पण जानेवारीत दाग्नी आली की ते थांबतात.

या वर्षीही ते थांबले. तिने सुरुवात रहस्यकथेपासून केली. खुनी कोण ते तिला पन्नासाव्या पानालाच कळलं होतं, आणि त्यातला दारुडा, बायकोने टाकलेला पोलीस अधिकारी पाहून तिला त्याला पकडून एकदा पोटभर जेवायला घालावंसं वाटलं होतं. माजी मंत्र्याच्या आत्मचरित्रात चुका पुष्कळ आहेत, ती म्हणाली, पण एकही त्याची स्वतःची नाही. सात पिढ्यांच्या जाडजूड अनुवादित कादंबरीतली मधली दोन युद्धं आपण गाळली आणि काही अडलं नाही, हेही तिने लाज न बाळगता सांगून टाकलं. हिमनद्यांवरचं पुस्तक वाचताना मात्र तिला भीती वाटली होती. ते वाचून झाल्यावर ती बाहेर जाऊन डोंगराकडे बघत उभी राहिली होती, तो जागेवर आहे ना याची खात्री करत. आणि एका कोवळ्या पोरीचा कवितासंग्रह, बोटाएवढा. त्यातल्या निम्म्या कविता तिला कळल्या नाहीत, पण कपडे धुण्याच्या यंत्रावरची एक काही केल्या मनातून जात नव्हती. “ती घ्या,” ती म्हणाली. “कळली नाही तरी घ्या.”

समोरच्या कडेला स्टेनार बसला होता, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढून.

“आणि घरचं पुस्तक?” शेवटी निवृत्त शाळामास्तर ग्रिमूरने विचारलं.

“ते अजून मुरतंय,” दाग्नी म्हणाली आणि हौदातून उठली. एरवी शितावरून भाताची परीक्षा करणारी ही बाई भावाच्या पुस्तकावर मूग गिळून बसली, याची नोंद सगळ्यांनी घेतली. स्टेनारने टोपी आणखी खाली ओढली.

खरं तर तिने ते पुस्तक एका बैठकीत वाचलं होतं. मासेमारीच्या गावातला एक मुलगा, त्याची आई, आणि समुद्रावरून परत न आलेली वडिलांची बोट. त्यांच्या लहानपणचं स्वयंपाकघर हुबेहूब उतरलं होतं, मेणकापडावरच्या जळक्या डागासकट. दाग्नी स्वतःची वाट बघत वाचत राहिली. या प्रकरणात नाही तर पुढच्या प्रकरणात आपण येऊ, असं तिला वाटत होतं. ती आलीच नाही. तो मुलगा आईचा एकुलता एक होता.

तेही तिने सोडून दिलं असतं. पण मग ती सकाळ आली. त्या काळी बोट बुडाल्याची बातमी घेऊन पाद्रीच घरी येई. काळा कोट घालून तो रस्त्याने चालू लागला की खिडक्यांचे पडदे हलत आणि प्रत्येक घरातली बाई मनात म्हणे, पुढे जा बाबा, पुढे जा. पुस्तकात पाद्री थांबतो तेव्हा दार तो मुलगा उघडतो. आई मासे खारवायच्या शेडमध्ये गेलेली असते. मुलगा पाद्रीला बसवतो, आलेल्या माणसाला कॉफी द्यायची असते म्हणून कॉफी ओतून देतो आणि मगच आईला बोलवायला धावतो. ते सगळं दाग्नीने केलं होतं, नऊ वर्षांची असताना. त्याबद्दल ती जन्मात कुणाशी बोलली नव्हती. पुस्तक मिटल्यावर तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

हौदातून परतली त्याच दुपारी स्टेनार तिच्याकडे आला. त्याने दाराशी बूट काढले आणि तो नेहमीच्या खुर्चीत बसला. दाग्नीने कॉफी ओतली, नाताळचा उरलेला केक पुढे ठेवला.

“मेंढ्यांचं पुस्तक कसं आहे?” त्याने विचारलं.

अल्डाच्या दुकानातली गोष्ट बंदरावर पोचायला वेळ लागत नाही, हे तिने धरूनच चालायला हवं होतं.

“चित्रं चांगली आहेत.”

“आणि माझं?”

“तुझ्यात चित्रं नाहीत.”

तो हसला नाही. मग ती कामाचं बोलू लागली. आई चांगली साधली आहे. वादळ जरा लांबलं आहे. इंजिनावरचं अख्खं प्रकरण उडवलं तरी चालेल, ते तुझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. स्टेनार प्रत्येक वाक्याला मान हलवत कप बशीत फिरवत राहिला.

“हे तर हौदातही सांगता आलं असतं,” तो म्हणाला. “तिथे जे सांगितलं नाहीस ते सांग.”

दाग्नीने किटली खाली ठेवली.

“मुलगा छान आहे. शूर आहे. फक्त दार त्याने उघडलं नव्हतं, स्टेनार. तू सहा वर्षांचा होतास. कॉफी मी ओतली होती.”

“माहीत आहे.”

“मग माझ्या हातातली किटली कशाला काढून घेतलीस?”

“मी कुठे घेतली?” त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. “तो मी नाहीच. तो मुलगा म्हणजे तू आहेस. मुलगी लिहिली असती तर गावाने पहिल्याच पानावर ओळखली असती, आणि मग तुला हौदात सुखाने बसू दिलं असतं का कुणी? म्हणून मुलगा केला. म्हटलं, गाव फसेल, पण ही बरोबर ओळखेल.”

दाग्नीला पुस्तकातली पानं आठवू लागली. तो मुलगा जिन्याची करकरणारी पायरी ओलांडून जायचा. माशांच्या उघड्या डोळ्यांकडे बघायला भ्यायचा. नवीन शब्द सापडला की पेन्सिलीने तळहातावर लिहून ठेवायचा. या सगळ्या खोडी कुणाच्या, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. पण ती पानोपानी एका मुलीला शोधत बसली होती.

“मग त्यात तू कुठे आहेस?” तिने विचारलं.

“मी नाही.” स्टेनारने केकचा तुकडा उचलला आणि तसाच परत ठेवला. “मी काय केलं त्या सकाळी? टेबलाखाली शिरलो. पाद्री गेला तरी बाहेर आलो नाही. त्याचं काय लिहायचं? दोनतीनदा लिहून पाहिलं, वाचवेना. मग स्वतःला काढूनच टाकलं.”

बाहेर बर्फ काढणारी गाडी रस्ता खरवडत गेली.

“तुझा पाय बाहेर होता,” दाग्नी म्हणाली.

“कधी?”

“तेव्हाच. टेबलाखालून. राखाडी मोजा, अंगठ्याला भोक पडलेलं. पाद्री बोलत होता ना, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते. तुझा अंगठा हलत होता तिकडे बघत होते. म्हटलं, हा आहे इथे, आता आपल्याला रडून चालायचं नाही. म्हणून उठले आणि कॉफी ओतली.”

स्टेनारने मान खाली घातली आणि मेणकापडावर तळहात सपाट टेकवून तो तसाच बसून राहिला. दाग्नीने त्याचा कप भरला.

“पुस्तक चांगलं आहे,” हौदात सांगायची त्याच सुरात ती म्हणाली. “एकच चूक आहे. तो मुलगा घरात एकटा नव्हता.”