वकीलसाहेब आत असताना

आमच्या लग्नाची बोलणी चालू होती, असं म्हणणं जरा जास्तच होईल. बोलत होते फक्त माझे होणारे सासरे. ते वकील आहेत, आणि समोर न्यायाधीश नसला की त्यांना थांबवणारं कुणी उरत नाही. तास होत आला तरी अब्बांचं एकही वाक्य पूर्ण झालं नव्हतं. अम्मी तर मान डोलावून डोलावून थकली होती.

मला एकच गोष्ट सांगायची होती. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते, आणि लग्नानंतरही शिकवणार. त्यांचा मुलगा, म्हणजे ज्याच्याशी लग्न करायचं तो, आधीच हात वर करून मोकळा झाला होता. "माझ्या अब्बांना तूच सांग. माझं ते ऐकत नाहीत." पण सांगायला फट तरी मिळायला हवी ना! मी दोनदा "चाचा, मला..." अशी सुरुवात केली. दोन्ही वेळा ते "हो हो, चहा छानच झालाय" म्हणून पुढे सुटले. आज हे बोलणं झालं नाही तर तारीख ठरणार, आणि तारीख ठरल्यावर सुनेनं अट घातली की ती उर्मट ठरते.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "संडास कुठे आहे?" आणि उठण्याआधी त्यावरही भाषण ठोकलं. आधी दुआ, मग डावा पाय आत. पाकी, म्हणजे धुणं, डाव्या हाताने, पाणी भरपूर. तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, नको. मोबाइल काढून त्यांनी आमच्या संडासाची दिशासुद्धा तपासली. अब्बा आरोपीसारखे हात बांधून उभे. दिशा बरोबर निघाली, सुटले बिचारे. "आणि आत गेल्यावर बोलणं बंद," वकीलसाहेब बोट वर करून म्हणाले. "कुणी सलाम केला तरी जवाब बाहेर आल्यावर." हे सगळं आम्हीही लहानपणापासून पाळतो. पण असं उद्घाटन करून कुणी जात नाही.

ते आत गेले आणि आम्ही सगळे मुकाट्याने बिस्किटं खात बसलो. इतकं बरं वाटत होतं की कुणालाच बोलवेना.

मग आतून खडखड ऐकू आली. दाराची कडी अडकायची, आणि अब्बा वर्षभर "उद्या बघतो" म्हणत होते. खडखडीची धडधड झाली तसे अब्बा धावले. "साहेब, काय झालं?" उत्तर नाही. "साहेब!" तरी नाही.

"या अल्लाह, चक्कर आली वाटतं त्यांना!" अम्मी ओरडली.

होणाऱ्या सासूबाईंनी शांतपणे आणखी एक बिस्किट उचललं. "काही झालेलं नाही. ते आत बोलत नाहीत. आमच्याकडे पडदा पेटला होता, तेव्हाही आतून नुसते खाकरले."

"पण अडचणीत बोललं तर चालतं ना?" मी विचारलं.

"चालतं," मुलगा म्हणाला. "पण हे माझ्या अब्बांना कोण सांगणार?"

अब्बा पेचकस शोधायला पळाले. आमच्या घरात पेचकस शोधणं म्हणजे घराची झडती घेणं. मी दारापाशी उभी राहिले.

"चाचा, घाबरू नका," मी सवयीने म्हणाले. "हो असेल तर एकदा खाकरा, नाही असेल तर दोनदा. कडी अडकलीय?"

"खक्."

"तुमचं आटोपलंय?"

"खक्."

"पाणी पुरलं?"

"खक्."

"बाकी सगळं ठीक?"

"खक् खक्!"

तेही बरोबरच होतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस या क्षणी मध्ये बोलू शकत नाही. आता नाही तर कधीच नाही.

"चाचा, लग्नानंतरही मी गाडी शिकवायला जाणार."

"खक् खक्!"

"आधी कारण तरी ऐका."

"खक् खक् खक् खक् खक्."

"हे काय?" मी मागे वळून विचारलं.

"हरकत," सासूबाई म्हणाल्या. "कोर्टातही असंच करतात."

"हरकत नामंजूर," मी म्हणाले, आणि सुटलेच. "बायका पहिल्या दिवशी स्टिअरिंग असं धरतात, जसं काही ते चावणार आहे. महिन्याभराने त्याच एकट्या गाडी काढून जातात, मागे वळूनही बघत नाहीत. ते बघताना मला जो आनंद होतो ना, तो मी कशासाठीही सोडणार नाही. तुमच्या मुलासाठीही नाही, आणि तो मला फार आवडतो. त्यालाही मीच शिकवलंय. तिसऱ्या परीक्षेला पास झाला तो."

आतून जो आवाज आला तो होही नव्हता आणि नाहीही नव्हता. मुलाने घरी पहिल्याच फटक्यात पास झाल्याचं सांगितलं होतं. तो आता छताकडे बघत होता.

"तर चाचा, मी काम सोडावं, असं अजूनही म्हणताय का?"

मी दाराला कान लावला.

"खक् खक्."

अब्बा एकदाचे पेचकस घेऊन आले. कडीचे स्क्रू निघाले, दार उघडलं. वकीलसाहेबांनी आधी उजवा पाय बाहेर टाकला, दुआ पुटपुटले, साबणाने नीट हात धुतले आणि मगच मोठा श्वास घेतला.

"पहिली गोष्ट, माझा घसा खवखवत होता. दुसरी गोष्ट, कोंडलेल्या माणसाची कबुली..."

"दोनदा खाकरलात," सासूबाई म्हणाल्या. "मी साक्षीदार आहे."

"मीही," मुलगा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच वडिलांविरुद्ध काही म्हणाला असावा.

"मी पण," अब्बा म्हणाले. त्यांनी काहीही ऐकलं नव्हतं.

वकीलसाहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं. शिकव." मला हसू फुटलं आणि रडूही, दोन्ही एकदमच.

"आता तारखेचं असं आहे की..." म्हणत ते खुर्चीकडे वळले. सासूबाई पदरावरचा बिस्किटांचा चुरा झटकत उठल्या.

"तारीख नंतर. माझंही इतक्या वर्षांचं बरंच बोलायचं राहिलंय. तुम्ही जरा परत आत जाऊन बसा."

अब्बा लगेच कडी परत बसवायला लागले.